एका खेपेला एकच

काशी कशी आहे, असं आमच्या सासूबाईंना विचारलं की त्या सांगत, "पाणी चांगलं हाय. डाळ लवकर शिजती." द्वारकेचं पाणी जड, तिथे हरभरे आदल्या सकाळीच भिजत घालावे लागत. काश्मीरबद्दल त्यांचं मत फारच वाईट होतं, कारण तिथे आधण लवकर येत नसे आणि आलं तरी भात मधे कच्चाच राही. नवा माणूस हे ऐकून हसायचा, तुमच्या सासूबाई भारी विनोदी आहेत म्हणायचा. विनोद वगैरे काही नव्हता. त्यांनी अर्धा भारत पाहिला होता, तो असाच.

मिरजेतल्या एका लहानशा यात्रा कंपनीत माझे सासरे मॅनेजर होते आणि सासूबाई स्वयंपाकाला. बस धर्मशाळेला लागली की यात्रेकरू हातपाय धुऊन दर्शनाला निघत आणि सासूबाई मागच्या डिकीतून शेगड्या, पातेली आणि पिठाचे डबे उतरवून घेत. मंडळी परत येईपर्यंत पानं मांडलेली असली पाहिजेत, हा सासऱ्यांचा नियम. बायकोला त्यात सूट नव्हती, उलट जरा जास्तच कडक होता. देवळाचा कळस मागच्या अंगणातून दिसला तर तिथूनच हात जोडायचे आणि कणीक मळायला बसायचं. ताजमहालासमोरचा त्यांचा फोटो आमच्या घरात नाही. आग्र्याला त्या कितीदा तरी जाऊन आल्या होत्या.

सासरे गेले, त्यानंतर दोनेक वर्षांनी त्या उन्हाळ्याचे तीन महिने आमच्याकडे आल्या. आम्ही आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाला राहतो. माझा नवरा सुहास तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. माझी नोकरी डब्लिनजवळच्या सँडीफोर्डची. बरीचशी घरून चालते, पण आठवड्यातून दोनदा ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. सासूबाई आल्या त्या एक बातमी घेऊन. त्यांना काचबिंदू होता आणि तो फार उशिरा कळला होता. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलेलं, मधलं तेवढं स्वच्छ. "फुंकणीतनं बघितल्यासारखं दिसतंय," त्यांनी सांगितलं. सुहासने इथल्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञाला सगळे रिपोर्ट दाखवले. उत्तर तेच आलं. गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप टाकत राहायचे, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. सुहास त्या दिवशी जेवला नाही. सासूबाई मात्र जेवल्या आणि ताट उचलताना म्हणाल्या, "हाय तवर बघून घेतो आता."

मिरजेकडच्या बायकांसारखं त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलत. आमची लेक ईरा, जिला मराठी समजतं पण जी आयरिश हेल काढून इंग्रजीतच उत्तर देते, तिला हे फार आवडायचं.

'बघून घेतो' हे ऐकल्याबरोबर आम्ही कामाला लागलो. मी मुळात आखणीबाज बाई. शनिवार-रविवारचे बेत ठरले, पश्चिमेचे कडे झाले, विकलोचे डोंगर झाले, कॉर्कला एक मुक्काम झाला. गाडी थांबली की सुहास पुढे, त्याच्या जॅकेटचं टोक धरून सासूबाई मागे, आणि मी घड्याळाकडे बघत सगळ्यांना हाकणार. कॉर्कहून परतताना ईराने विचारलं, "आजी, व्हॉट डिड यू लाइक बेस्ट?" सासूबाईंनी थोडा विचार केला. "तुझ्या बापाची पाठ. लई जवळनं बघितली."

आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यापाशी आल्या तेव्हा मी चहा गाळत होते. "मेघा," त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकत न्हाई. पण मला दाखवू नका. मला बघू द्या."

त्यांना एकटीने फिरायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण घरात चार दिवस त्यावरून धुसफूस. सुहास म्हणे, आई, तुला बाजूने येणारं काही दिसत नाही, तू रस्ता कसा ओलांडणार? त्या म्हणत, आंधळी माणसं ओलांडत्यात की. तो म्हणे, तुला इंग्रजी येत नाही. त्या म्हणत, मला तमिळ कुठं येत होतं, मदुराईत मी सगळा बाजार करत होतो. शेवटी मीच तोडगा काढला. माझ्या ऑफिसच्या दिवशी त्यांनी माझ्याबरोबर बसने डब्लिनला यायचं. तिथून लुआस, म्हणजे इथली ट्राम, आम्हाला सेंट स्टीफन्स ग्रीन नावाच्या बागेपाशी नेते. तिथे त्यांनी उतरायचं, मी पुढे सँडीफोर्डला जायचं, आणि संध्याकाळी बागेच्या मोठ्या कमानीखाली भेटायचं. सुहासने एका अटीवर मान हलवली. काही झालं, अगदी काहीही, तर फिरणं बंद.

पहिल्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी काय विचारलं ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. संध्याकाळी धावत कमानीपाशी गेले, तर सासूबाई नऊवारीवर सुहासचा जुना रेनकोट चढवून, पायात ईराचे मोजे आणि बूट घालून शांत उभ्या. काय पाहिलंत, असं विचारलं. "झाड," म्हणाल्या. बागेतलं एक झाड त्यांनी दिवसभर पाहिलं होतं. मी तोंडावर काही बोलले नाही, पण मनात आलं, एवढ्यासाठी ड्रोहेडाहून यायचं?

पण तीच त्यांची पद्धत होती. "एका खेपेला एकच," त्या म्हणत. फुंकणीएवढ्या नजरेत एकावेळी बोटभर तुकडा मावायचा. मग तुकड्याला तुकडा जोडत, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, ती वस्तू त्या मनात उभी करायच्या. घाईचं ते कामच नव्हतं. खर्चही जवळपास नव्हता. पिशवीत दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा. तिकीट असेल तिथे त्या पाऊल टाकत नसत, आणि त्याचं कारण मला वाटलं होतं तसं काटकसरीचं नव्हतं. "तिकीट काढलं की माणूस सगळं बघाय लागतंय," त्या म्हणाल्या. "आमचे यात्रेकरू बघितलेत न्हवं मी. पैसे वसूल करायच्या नादात कुठं टेकायचे न्हाईत. फुकट असलं की पायजे तेवढं बघून उठता येतंय." डब्लिन याबाबतीत त्यांना मानवलं. तिथली मोठी संग्रहालयं फुकट आहेत, बाग फुकट आहे, नदीवरचे पूल तर कुणाच्या बापाचे नाहीत.

रस्ता ओलांडायची त्यांची युक्ती होती. इथल्या सिग्नलला पादचाऱ्यांसाठी टकटक वाजतं आणि जायची वेळ झाली की ती टकटक एकदम जोरात धावते. ती धावली की शेजारी जो कुणी असेल त्याच्या बरोबरीने त्या निघायच्या. कधी सुटाबुटातला बँकवाला, कधी शाळकरी पोरींचा घोळका. पलीकडे पोचल्यावर त्या जोडीदाराला हात जोडून नमस्कार करत. बहुतेक जण गोंधळून स्वतःही हात जोडायचे.

सगळंच सुरळीत चाले असं नाही. एकदा बाकावर बसून दशमी खात असताना बाजूने एक समुद्रपक्षी आला आणि हातातली अख्खी दशमी घेऊन गेला. डब्लिनचे हे पक्षी भलते निर्ढावलेले. सासूबाईंना तो आलेला दिसला नाही आणि गेलेलाही दिसला नाही. हात तेवढा रिकामा झाला. शेजारच्या बाकावरचा म्हातारा हसून काहीतरी म्हणाला आणि आपल्या सँडविचचा अर्धा भाग त्याने पुढे केला. "आत काय असंल ठावं न्हवतं, म्हणून खाल्लं न्हाई," त्या मला म्हणाल्या. "पण घेतलं. देणाऱ्याचा हात परत लावू नये." ते अर्धं सँडविच त्यांनी रुमालात बांधून घरी आणलं होतं. त्यात चीज होतं. ईराने खाल्लं.

किल्डेअर स्ट्रीटवरच्या संग्रहालयातून परत आल्या तो दिवस तर मी विसरणार नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसेनात. घरी आल्यावर दारातच उभ्या, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. काही केल्या सांगेनात, मग म्हणाल्या, "आधी बादलीभर पाणी ऊन कर. मी मयत बघून आलोय." मला घामच फुटला. नंतर उलगडा झाला. इथल्या दलदलीत हजारो वर्षांपूर्वीची माणसं सापडली आहेत, कातडीसकट जशीच्या तशी टिकलेली. त्यातलाच एक जण तिथे काचेत ठेवलाय. त्याच्या हाताची बोटं त्या दुपारभर पाहत बसल्या होत्या.

"आई, तो मरून दोन-अडीच हजार वर्षं झाली," सुहास म्हणाला.

"मग? मयत ते मयत."

अंघोळ करून, ओले केस पुसत त्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मात्र त्यांचा सूर बदलला होता. "कुणाचा तरी असंल की रे तो," त्या म्हणाल्या. "घरी वाट बघितली असंल. आणि ह्यो हितं असा, येणारा-जाणारा बघतोय." त्या रात्रीची भाकरी त्यांनी जरा मुकाट्याने थापली. आम्ही दोघांनीही ते संग्रहालय कित्येक वर्षांपूर्वी पाहिलं होतं. ईराला शू लागली म्हणून त्या दालनातून घाईने बाहेर पडलो होतो, एवढंच मला आठवत होतं.

एका खेपेला एकच गोष्ट, तशी एका गोष्टीला एकच खेप, हा नियम त्यांनी एकाच ठिकाणी मोडला. इथल्या चित्रसंग्रहालयात त्या एका चित्रासाठी पुन्हा पुन्हा गेल्या. तिथल्या पहारेकऱ्याशी, पिकल्या दाढीच्या एका उंच माणसाशी, त्यांची चांगलीच ओळख झाली होती. त्या आल्या की तो आपणहून घडीची खुर्ची आणून द्यायचा आणि "यू आर ग्रँड" म्हणायचा, म्हणजे इथल्या बोलीत 'काही काळजी नको'. त्या त्याला "बसा की तुम्ही पण" म्हणायच्या. एकदा लवकर सुटले म्हणून मी त्यांना घ्यायला तिथे गेले. चित्रात भांड्यांवर वाकलेली एक मोलकरीण आहे. हात टेबलावर, मान किंचित कललेली.

"पैल्यांदा आलो तवा मला वाटलं, बाई नुसती कान देऊन उभी हाय," सासूबाई मला सांगू लागल्या. "भांडी बघितली, खलबत्ता बघितला, तिचं फडकं बघितलं. लई येळानं वरच्या कोपऱ्यात गेलो, तर भिताडात एक खिडकी, आणि खिडकीत देव जेवाय बसलाय! ह्यांचा येशू. ह्या दाढीवाल्या भाऊंनी बोटानं दाखवलं तवा कळलं." त्यांनी बोट त्या बाईच्या कललेल्या मानेकडे केलं. "तिला ठावं हाय आत कोण आलंय ते. कळलंय तिला. पण हात भांड्यात हाय न्हवं. वळून बघंल कशी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. रडत वगैरे नव्हत्या. पदराने चष्मा पुसून त्यांनी पुन्हा त्या बाईच्या हातांवर नजर लावली.  परतीची बस चुकली तरी चालेल, असं मला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा वाटलं असावं.

आणि मग परतीच्या तिकिटाला तीनेक आठवडे उरले असताना एका संध्याकाळी त्या कमानीखाली नव्हत्या. फोन केला, उचलला नाही. बाग पालथी घातली, चित्रसंग्रहालयाकडे धावले, तिथून किल्डेअर स्ट्रीटला. एका दुकानाबाहेर, फुटपाथवर मांडलेल्या खुर्चीत त्या बसल्या होत्या. हातात चहाचा मोठा मग, गुडघ्यावर रुमाल, लुगड्याला रक्ताचा डाग. दुकानातली बाई शेजारी उभी. रस्त्याचं काम चालू होतं, सिग्नल बंद होता, टकटक नव्हती. सासूबाई एका माणसाबरोबर निघाल्या, तो धावत पुढे गेला, आणि बाजूने आलेल्या सायकलचा धक्का लागून त्या पडल्या. सायकलवाला पोरगा थांबला होता, माफी मागत होता, त्या बाईने सांगितलं.

"फोन का नाही केलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"केला असता तर फिरणं संपलं असतं," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "आणि खरं सांगू? गेला आठवडाभर फुंकणी आनकी बारीक झालीया."

गुडघा डॉक्टर मुलापासून लपवणं शक्यच नव्हतं. सुहासने जखम धुतली, पट्टी बांधली, आणि उठून म्हणाला, "बास झालं, आई. आता घरी बसायचं. आणि मिरजेलाही परत जायचं नाही. कागदपत्रांचं मी बघतो, इथेच राहायचं."

सासूबाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "हे मुलगा म्हणून बोलतोस का डाक्तर म्हणून?"

"दोन्ही."

"मग डाक्तर म्हणून सांग. किती दिवस दिसंल मला?"

दोन महिने तो हा प्रश्न टोलवत आला होता. बघू, ड्रॉप बदलू, नवीन औषधं येतायत. त्या दिवशी त्याला टोलवता आला नाही. "नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला. "वर्षभर. कदाचित तेवढंही नाही." आणि हॉस्पिटलात रोज लोकांना वाईट बातम्या सांगणारा माझा नवरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "डोळं गेल्यावर मला माझं घर पायजे," त्या म्हणाल्या. "तिथं डबा कुठं, मोरी कुठं, मला हाताला ठावं हाय. हितं मी तुझ्या गळ्यातलं लोढणं हुईन. तवा मिरजेला मी जाणार. पण त्याच्या आधी एक खेप करायची राहिलीया. तू पण ये. फक्त पुढं चालायचं न्हाई. मागनं यायचं."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी रजा काढली. लुआसमधून उतरल्यावर सासूबाई छत्री टेकत पुढे आणि आम्ही चार पावलं मागे. पहिल्या सिग्नलला सुहासचा हात आपोआप पुढे गेला, आणि त्याने तो खिशात घातला. टकटक धावली. एका लाल केसांच्या बाईच्या जोडीने सासूबाई पलीकडे गेल्या, नमस्कार केला, आणि मागे न बघता चालू लागल्या. फुलवाल्या बायकांपाशी थांबल्या, एका गाणाऱ्या पोरासमोर थांबल्या. मी सुहासकडे पाहिलं. आपली आई रस्त्याने एकटी कशी चालते, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

बागेतल्या तळ्याकाठी एक बाक रिकामा होता. तिथे त्या बसल्या.

"आज काय बघायचं, आई?" सुहासने विचारलं.

"तुला. असा समोर बस, उजेडाकडं तोंड करून."

तो बावचळला. लोक काय म्हणतील असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण बसला, बाकासमोर, गवतावर मांडी घालून. त्यांनी कपाळापासून सुरुवात केली. एकेक तुकडा, सावकाश. केस, भुवया, नाक. "कानापाशी पिकलास की रे." मग हनुवटीपाशी थांबल्या. "ह्यो वण मला ठावं न्हाई."

"बर्फावरून घसरलो होतो एकदा. तुला सांगितलं नव्हतं."

"तुम्ही काय सांगताय." बोटाने तो वण चाचपत त्या पुढे म्हणाल्या, "तू ल्हान होतास तवा बी असंच. यात्रेचा सीझन संपवून घरी आलो की तुझा एक दात पडलेला असायचा, न्हाईतर चड्डी आखूड झालेली असायची. वाढताना मी तुला बघितलाच न्हाई, बाळा. दुसऱ्यांची पानं वाढत बसलो."

 मान हलवायची नाही म्हणून सुहासने डोळेही पुसले नाहीत. मी तिथून उठले आणि तळ्याला एक फेरी मारून आले. परत आले तरी त्यांचं पाहून झालं नव्हतं. पुन्हा एक फेरी मारली.

ठरल्या दिवशी त्या मिरजेला गेल्या. माझी नणंद दोन गल्ल्या सोडून राहते, ती रोज येऊन-जाऊन असते. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. त्यांनी ते आम्हाला नणंदेच्या तोंडून कळवलं आणि वर निरोप धाडला की उगाच धावत येऊ नका. आम्ही अर्थातच धावत गेलो. घरात त्या इतक्या सराईतपणे वावरत होत्या की अडखळत होतो ते आम्हीच.

माझ्यात त्यांच्यामुळे एक खोड शिरली आहे. ऑफिसच्या दिवशी, जमेल तेव्हा, मी एक ट्राम सोडते आणि एखादीच गोष्ट बघत बसते. परवा नुसता पुलाचा एक कठडा पाहिला. मला त्यांच्यासारखं जमत नाही, मधेच घड्याळाकडे लक्ष जातं.

गेल्या रविवारी सुहास त्यांच्याशी फोनवर बोलत होता. केस आता फारच पिकलेत, पुढून विरळही झालेत, ईरा मला म्हातारा म्हणते, असं काहीतरी हसत हसत सांगत होता. स्पीकर चालू होता. 

"ते तिच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या. "मी तुला बघून ठेवलाय. माझ्याकडं तू आता म्हातारा व्हायचा न्हाईस."

सुहासने फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि गुडघा कसा आहे ते विचारलं.